टायगरला किती गुण द्यायचे?

इंग्रज माणूस दोन गोष्टी मोकळ्या सोडत नाही, बाग आणि कुत्रा. बागेला तो कुंपण घालतो आणि कुत्र्याला नियम. वेल्समधल्या बाला नावाच्या गावी ९ ऑक्टोबर १८७३ रोजी तिथले जमीनदार रिचर्ड लॉइड प्राइस यांनी मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा भरवली. दहा कुत्री उतरली, तीनशेच्या आसपास माणसं बघायला जमली आणि यजमानांच्या नाकावर टिच्चून बक्षीस नेलं ते ट्वीड नावाच्या स्कॉटिश कुत्र्याने. आपल्याकडे असं झालं असतं तर पुढच्या वर्षी बाहेरगावच्या कुत्र्यांना बंदी झाली असती आणि पंचाला गाव सोडावं लागलं असतं. त्या लोकांनी उलट गावोगावी स्पर्धा सुरू केल्या. १९०६ साली त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, मग कुत्र्यांच्या वंशावळी लिहून ठेवणं आलं. १९७६ पासून बीबीसी हा सगळा प्रकार 'वन मॅन अँड हिज डॉग' या नावाने टीव्हीवर दाखवू लागली. ऐंशीच्या दशकात कार्यक्रम ऐन भरात होता तेव्हा ऐंशी लाखांच्या घरात माणसं चहाचा कप हातात धरून, पाच मेंढ्या फाटकातून जातात की बाजूने, हे श्वास रोखून बघत. पाच दिवसांचं क्रिकेट शोधून काढणाऱ्यांना हे जड गेलं नसणार.

ही माहिती मला मिळाली ती माझ्या भाच्याकडून. तो इंग्लंडात स्विंडनला असतो. पोर्तुगीज पासपोर्टवर गोव्यातून गेलेली इतकी माणसं त्या शहरात आहेत, की रस्त्यात कोंकणीतून शिवी दिली तर दोघे-तिघे तरी वळून बघतात, असं तो सांगतो. रविवारी वेळ जात नाही म्हणून तो आसपासच्या खेड्यांत या स्पर्धा बघायला जाऊ लागला आणि आता त्याला त्यातलं सगळं कळतं. परदेशी गेलेल्या भाच्याला एका विषयातलं सगळं कळू लागलं की मामाची दिवाळी त्या विषयात जाते.

"मामा, मोपाच्या सड्यावर हे सहज होईल," दिवाळीचे पोहे खाता खाता तो म्हणाला. "जागा आहे, गवत आहे, आणि कुत्री तर आपल्याकडे किती!"

"आणि मेंढ्या?"

इथे तो थांबला. गोव्यात मेंढी जवळजवळ नाहीच. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यात मेंढीची लोकर वाळत नाही आणि खूर कुजतात. देशावरचे धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात तेही दिवाळी झाल्यावर. रायगड-रत्नागिरीकडच्या शेतांत मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य घ्यायचं आणि पावसाच्या आत घाट चढून परत जायचं, असा त्यांचा जुना हिशेब. गोव्यातला धनगर हा गवळी धनगर. त्याच्याकडे म्हशी आणि शेळ्या. तेव्हा मेंढीच्या जागी म्हैस घ्यायची असं आम्ही ठरवलं. भाचा म्हणाला, वजनात थोडा फरक पडेल. मी म्हणालो, गुण वाढवून देऊ.

गुण एकूण शंभर असतात. कुत्र्याने मोठा वळसा घेऊन, मेंढ्यांना न बिचकवता त्यांच्या मागे जायचं, याला वीस. मेंढ्या जागच्या हलतात त्या पहिल्या क्षणाला दहा. त्यांना सरळ रेषेत मालकाकडे आणणं, वीस. मग मालकापासून दूर, दोन फाटकांमधून फिरवून आणणं, तीस. पाचांतल्या दोन वेगळ्या काढणं, दहा. शेवटी सगळ्यांना खुराड्याएवढ्या वाड्यात घालणं, दहा. वाड्याच्या फाटकाला सहा फुटांची दोरी असते. ती मालकाने हातात धरायची आणि काम होईपर्यंत सोडायची नाही. पंच पूर्ण गुणांनी सुरुवात करतो आणि चुकेल तसे कापत जातो. कुत्रा मेंढीला चावला तर बाद. शाळेत असताना माझे मास्तरही कापतच जात, पण पूर्ण गुणांपासून त्यांनी कधी सुरुवात केल्याचं आठवत नाही.

आज्ञा शिट्टीवर दिल्या जातात. एका सुराला उजवीकडून डावीकडे, दुसऱ्याला उलट, तिसऱ्याला जिथे असशील तिथे आडवा हो. ती शिट्टी, म्हणजे दुमडलेला पत्र्याचा एक तुकडा, भाच्याने सोबत आणली होती. ही कुत्री बॉर्डर कोली जातीची. चेसर नावाच्या अमेरिकेतल्या एका कोलीला १,०२२ खेळण्यांची नावं पाठ होती आणि त्यावर २०११ साली शोधनिबंध छापून आला. भाच्याला त्याच्या आईकडच्या नातेवाइकांची बारा नावंसुद्धा सांगता येत नाहीत. पण त्याच्यावर अजून कोणी निबंध लिहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही सड्यावर गेलो. मोपा हे नाव आता तिकिटांवर छापलं जातं. पूर्वी पणजीतली माणसंसुद्धा "ते पेडण्यात की महाराष्ट्रात?" असं विचारत. ११ डिसेंबर २०२२ रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं येऊ लागली, आणि ज्या कातळावर पावसाळ्यात तेरड्याखेरीज कोणी उतरत नसे तिथे दिवसभर माणसं उतरू लागली. आत काचा, बाहेर भिंत. भिंतीच्या अलीकडे जो सडा उरला आहे त्यावर गवत अजून उगवतं, कारण गवताला अधिसूचना वाचता येत नाही.

तिथे म्हशी राखणारे एक धनगर काका आंब्याच्या सावलीत बसले होते. कमरेला आकडी, आकडीत कोयता, खांद्यावर कांबळं, बाजूला काठी. डझनभर म्हशींपैकी चार-पाच चरत होत्या आणि बाकीच्या जुन्या चिरेखाणीतल्या पाण्यात नाकपुड्यांपर्यंत बुडून होत्या. काकांच्या पायाशी टायगर झोपला होता. गोव्यातल्या दर तिसऱ्या कुत्र्याचं नाव टायगर असतं, आणि या नावाने हाक मारली तर उरलेले दोनही येतात. हा टायगर पिवळट, एका कानाने लुळा, कपाळावर हिरव्या रंगाचा पट्टा. रेबीजची लस देणारी मंडळी आठवडाभरापूर्वी येऊन गेली होती. लस टोचलेल्या कुत्र्याला ते असा रंग लावतात. ही मोहीम गोव्यात इतकी नेटाने चालली की २०२१ मध्ये गोवा हे देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. म्हणजे टायगरची सरकारदरबारी नोंद पक्की होती. मालकांची तितकी नाही. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. धनगरांचा अर्ज दिल्लीला जातो आणि शंका घेऊन परत येतो. विमानतळाच्या जागेत ज्या धनगरांची घरं होती त्यांना उठून दुसरीकडे जावं लागलं, तेव्हा मात्र दिल्लीला त्यांच्याबद्दल काही शंका आली नाही.

भाच्याने वही काढली, पानावर रकाने आखले आणि काकांना विचारलं, "काका, तुमचो कुत्रो म्हशी हाकता मां?"

काकांनी म्हशींकडे बघितलं, मग टायगरकडे, मग भाच्याच्या बुटांकडे.

"हाकतलो कित्याक? म्हशींक काय पाय नाय?"

"मगे तो करता काय?"

"तो येता."

"येता म्हणजे?"

"म्हणजे आमी येतांव तेव्हा तोय येता."

भाच्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की काका मुद्दाम साधेपणाने बोलताहेत, तिकडचे जुने मेंढपाळही असेच असतात. मग त्याने शिट्टी तोंडात धरली आणि वळसा घेण्याची आज्ञा वाजवली. सूर चांगला लागला. करवंदीच्या जाळीतून एक मोर ओरडला. चिरेखाणीतल्या एका म्हशीने कान हलवला, पण तो माशीसाठी होता. भिंतीच्या पलीकडून एक गणवेशधारी डोकं वर आलं, आम्हाला निरखलं आणि पुन्हा खाली गेलं. टायगरने एक डोळा उघडला आणि आज्ञा आपल्यासाठी नाही अशी खात्री झाल्यावर मिटला.

"वळसा, शून्य," भाच्याने लिहिलं.

मी हरकत घेतली. नियमात मेंढ्यांना बिचकवायचं नाही असं आहे ना? एकही म्हैस बिचकली नाही. भाचा म्हणाला, पण तो गेलाच नाही. मी म्हणालो, न जाता न बिचकवणं हे जाऊन न बिचकवण्यापेक्षा सोपं आहे असं नियमात कुठे लिहिलंय? निदान दहा द्या. वाद काकांपर्यंत गेला. काका म्हणाले, "वीस दिलास तरी तो खातलो थंय?"

दुसरा प्रसंग म्हशी हलण्याचा. त्यासाठी आम्हाला बराच वेळ थांबावं लागलं. या काळात दोन विमानं उतरली आणि एक उडालं. एकाही म्हशीने वर बघितलं नाही. भाच्याने तिन्ही वेळा बघितलं. मग ऊन पिवळं झालं, काका उठले, कांबळं झटकलं आणि खोकले. आज्ञा म्हणून नव्हे, त्यांना खोकला होता. तेवढ्यावर चंद्री नावाची पुढारी म्हैस खाणीतून उठली. अंगावरून पाणी निथळत ती काठावर आली आणि वाटेला लागली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. सगळ्यात शेवटी टायगर उठला, पुढचे पाय ताणले, मागचे ताणले आणि मिरवणुकीच्या शेपटाला लागला.

इथे मला जरा गंभीर व्हावंसं वाटतं. तिकडचा सगळा खेळ भीतीवर उभा आहे. कोली कुत्रा मान खाली घालून, दबकत, मेंढीवर नजर रोखतो. त्या नजरेचं तिकडे फार कौतुक, आणि ती नजर मुळात लांडग्याची आहे. मेंढी तिला भिऊन सरकते, मालक मागे उभा राहून शिट्टी वाजवतो. आपल्याकडे लांडगा खराखुरा असल्यामुळे कुत्र्याने त्याची नक्कल करून भागत नाही. माणदेशातला धनगर कुत्रा पाळतो तो राखणीला. रात्री वाड्याभोवती फिरायचं आणि लांडगा आला तर त्याच्याशी भिडायचं, हे त्याचं काम. मेंढ्या हाकायचं काम त्याला सांगितलेलं नसतं, कारण धनगर पुढे चालतो आणि कळप त्याच्या आवाजामागून येतो. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला गवळी लोक म्हशींची शिंगं रंगवतात, अंगावर कवड्यांचे पट्टे घालतात आणि त्यांना पळवतात. मालक पुढे मोटारसायकलवर असतो आणि म्हैस त्या गाडीचा आवाज ओळखून मागून सुसाट येते. बीबीसीवाले तिथे आले तर पहिलाच प्रश्न विचारतील, की कुत्रा कुठे आहे? आणि गवळी विचारेल, तुमच्याकडची मेंढी मालकाला ओळखत नाही का?

भाच्याला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, मग कौशल्य कुठे राहिलं? मी त्याला चंद्रीच्या मागे जाऊन बघायला सांगितलं. तो गेला. चंद्रीने शेपटीने चिखलाचा एक फटकारा त्याच्या स्विंडनच्या जाकिटावर मारला आणि चालत राहिली. रेषेतून ती तसूभरही हलली नाही. सरळ आणण्याचे वीसपैकी वीस त्याला द्यावेच लागले. फक्त ती रेषा मालकाकडे जात नव्हती, गोठ्याकडे जात होती, आणि काका योगायोगाने मध्ये होते.

खरी परीक्षा पुढे होती. गोठ्याच्या वाटेवर विमानतळाकडे जाणारा डांबरी रस्ता आडवा येतो. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे भाड्याच्या गाड्या, आत बसलेल्यांना विमान गाठायचं असतं किंवा नुकतंच विमानातून उतरल्यामुळे समुद्र गाठायचा असतो. दोन्ही प्रकारचे लोक हॉर्न वाजवतात. चंद्री रस्त्याच्या कडेला येऊन थांबली. मागची रांग थांबली. तेव्हा टायगर शेपटाकडून पुढे आला. पळत नाही, डौलाने. रस्त्याच्या बरोबर मध्यावर गेला, स्वतःभोवती एक चक्कर मारली आणि आडवा झाला.

भाचा ओरडला, "मामा, हे बघा! लाय डाऊन!"

कोली जातीच्या पिल्लाला ही आज्ञा शिकवताना मालकाच्या नाकी नऊ येतात म्हणे. धावणं त्याच्या रक्तात असतं, थांबणं शिकवावं लागतं. पेडण्याच्या कुत्र्याला रस्त्याच्या मध्यावर आडवं होणं शिकवावं लागत नाही, आणि एकदा झाला की कोणत्याही आज्ञेने तो उठत नाही. दोन्ही बाजूंना गाड्या थांबल्या. एका गाडीतून दिल्लीचा आवाज आला, दुसऱ्या गाडीतून मोबाइल बाहेर आला. हॉर्न वाजले. टायगर पोट वर करून पडला होता. म्हशी एकामागून एक, मध्ये पुरेसं अंतर ठेवून, त्या दोन मोटारींच्या फाटकातून पलीकडे गेल्या. शेवटची म्हैस गेल्यावर तो उठला, जवळच्या गाडीचं चाक हुंगलं, त्यावर आपला अभिप्राय नोंदवला आणि निघाला.

तीसपैकी तीस. यावर वाद झाला नाही.

कुत्रा मनावर घेतो तेव्हा वाहतुकीचं काय होतं हे गोव्याला नवं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये दाबोळीच्या धावपट्टीवर एक कुत्रा दिसला, म्हणून बंगळुरूहून आलेलं विमान न उतरता परत बंगळुरूला गेलं. ट्वीडने मूठभर मेंढ्या हाकल्या तर दीडशे वर्षं त्याचं नाव निघतंय. या कुत्र्याने प्रवाशांनी भरलेलं विमान एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हाकलून लावलं, आणि त्याचं नावसुद्धा कोणी विचारून ठेवलं नाही.

कळपातून वेगळं काढण्याचा प्रसंग आपोआप घडला. वाटेत शेजारच्या वाड्यावरची एक म्हैस आमच्या रांगेत घुसली होती. काकांनी तिच्या मालकाच्या नावाने एक कचकचीत शिवी हासडली. म्हैस थांबली, वळली आणि आपल्या वाटेने गेली. टायगरने या वेळी एकदा भुंकून अनुमोदन दिलं. भाच्याने शिवीला गुण कुठल्या रकान्यात धरायचे हे विचारलं, आणि मी पाच-पाच वाटून द्यायला सांगितले.

गोठा आला. बेड्याचे बांबू सरकवलेले होते, आत पारडी हंबरत होती. त्यांचा आवाज ऐकल्यावर म्हशींना कुठल्या कुत्र्याची गरज असणार! सगळ्या आपापल्या दाव्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. भाच्याने सहा फुटांच्या दोरीची चौकशी केली. काकांनी गोठ्यातली एक दोरी दिली आणि म्हणाले, "धर. मध्ये मातर उभो रवा नको." तो ती दोरी धरून इमाने बाजूला उभा राहिला. एक पारडू येऊन ती चघळू लागलं.

एवढ्यात खालच्या वाड्यावरून पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला. पों, पों.

टायगरचा लुळा कानही उभा राहिला. त्याने सरळ उतरणीची वाट घेतली नाही, तिथे शेजारचे दोन कुत्रे बसलेले असतात. तो उजवीकडून निघाला, काजूच्या झाडांमागून मोठा वळसा घेत, अंग जमिनीलगत ठेवून, कोणालाही न बिचकवता, आणि थेट पोदेराच्या मागे निघाला. आधी अरुंद, पुढे रुंद होत गेलेला तो वळसा भाच्याने गोठ्याच्या कठड्यावर चढून पाहिला. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. पुस्तकात काढून दाखवतात तो आकार हाच, तो म्हणाला. पोदेराने टोपलीतून पावाचं एक काकण काढून फेकलं. टायगर ते तोंडात धरून त्याच वळशाने परत आला आणि आमच्याकडे पाठ करून खाऊ लागला.

भाच्याने वहीतलं शून्य खोडलं. त्याच्या हिशेबाने टायगरला त्रेसष्ट गुण झाले, माझ्या हिशेबाने ब्याण्णव. फरक मुख्यतः या मुद्द्यावर होता की ज्या कामासाठी कुत्रा लागतच नाही ते काम कुत्र्याने न केल्यास गुण कापायचे का. माझ्या मते कापू नयेत. सरकारी कार्यालयांत आपण कापत नाही.

काकांना आम्ही निकाल सांगितला. ते धार काढायला बसले होते. "गुण दुधात घालतत काय?" त्यांनी विचारलं आणि चंद्रीच्या कासेवर पाण्याचा हात फिरवला. मग आम्हाला पेलाभर धारोष्ण दूध दिलं, टायगरला करवंटीत दिलं. टायगरच्या करवंटीत आमच्यापेक्षा थोडं जास्त होतं, हे भाच्याने वहीत लिहिलं नाही.

आता एक विनंती, मोपाला विमान पकडायला येणाऱ्यांसाठी. संध्याकाळच्या वेळी वाटेत म्हशी आडव्या आल्या आणि मधोमध एक पिवळा कुत्रा पडलेला दिसला, तर हॉर्न वाजवू नका. त्याच्या आज्ञांच्या यादीत तो आवाज नाही. इंजिन बंद करा, काच खाली करा आणि शेवटची म्हैस जाईपर्यंत बघत राहा, तिकडे याला तिकीट असतं. घरून पंधरा मिनिटं आधी निघा. आणि गाडीत एखादा पाव असेल तर तो हातात घेऊन खाली उतरा, रस्ता लगेच मोकळा होतो.